सात नंबरचं मॅटर

मालक सकाळी शील्डांचा खोका पोचवायला म्हणून गेले आणि संध्याकाळी बदलून आले. खोका नव्हे, मालकच.

त्यांचं दुकान कपांचं, मेडलांचं आणि शील्डांचं. कुणी धावण्यात पहिला आला, कुणी वक्तृत्वात दुसरा आला, कुणी ऑफिसातून निवृत्त झाला, की लोक यांच्याकडे येत. त्या दिवशी एका सभागृहात ‘स्वतःचे नेतृत्व स्वतः करा’ असं शिबिर होतं. पाहुण्यांना द्यायची शील्डं पोचवून मालक निघणार, तेवढ्यात संयोजकांनी त्यांचा हात धरला.

“बसा ना साहेब. पुढची रांग रिकामी आहे. फोटोत वाईट दिसतं.”

चहापर्यंत बसू असं ठरवून मालक बसले. पण चहाच्या आधीच व्यासपीठावरच्या सरांनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि मऊ आवाजात विचारलं, “तुमच्या आयुष्यातली महत्त्वाची माणसं डोळ्यांसमोर आणा. त्यांचे आभार तुम्ही शेवटचे कधी मानलेत?” आजूबाजूला रुमाल निघाले. मालकांच्या मिटलेल्या डोळ्यांसमोर आधी एक पितळी पट्टी आली, कारण धंदाच तो. मग बायको आली, आई आली आणि दुकानात कोरकाम करणारे मास्तर आले. तिघांचे आभार आपण कधी मानले, हे मालकांना काही केल्या आठवेना. गावभरच्या लोकांचे आभार कोरून देणारा हा माणूस, स्वतः मात्र कोरडा पाषाण!

“जो आपल्या माणसांचे आभार मानू शकत नाही,” सर म्हणाले, “तो स्वतःचा नेता होऊ शकत नाही.”

हे वाक्य मालकांना फार लागलं. ‘मालक’ हे नाव त्यांना लोकांनी दिलं होतं, अधिकार कुणी दिला नव्हता. घराच्या किल्ल्या आईच्या कमरेला, दुकानाचा गल्ला बायकोच्या हातात आणि कोरायचं मशीन मास्तरांच्या ताब्यात. कप पुसणं आणि ‘हो’ म्हणणं, एवढी दोनच खाती मालकांकडे उरली होती. नेता व्हायची इतकी सोपी वाट आजवर त्यांना कुणी दाखवली नव्हती. ते संध्याकाळपर्यंत बसले, सगळ्या टाळ्या वाजवल्या, आणि निघताना सरांनी त्यांना येत्या रविवारच्या वार्षिक समारंभाची मोठी ऑर्डरही दिली. प्रत्येक शिबिरार्थ्याला शील्ड, त्यावर ज्याचं त्याचं नाव.

आता साधा माणूस असता तर घरी येऊन “बरं का, तुझ्यामुळे चाललंय सगळं” एवढं बोलला असता आणि जेवायला बसला असता. पण मालकांना बोलायची सवय नव्हती. कोरायची होती. तोंडचं वाऱ्यावर जातं, कोरलेलं राहतं, असं ते गिऱ्हाइकांना सांगत आणि सांगून सांगून त्यांना ते स्वतःलाही पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मास्तरांना मशीनपाशी गाठलं. मास्तरांनी जन्मात कुणाला शिकवलं नव्हतं, पण अक्षर असं की सगळे त्यांना मास्तरच म्हणत.

“मास्तर, दोन शील्डं करायची. चांगलं लाकूड घ्या, जाड पट्टी लावा.”

“कुणाच्या नावाची?”

“एक तुमच्या वहिनींच्या, म्हणजे आमच्या हिच्या, एक आईच्या.”

मास्तरांनी मशीन थांबवलं. “कसली स्पर्धा होती?”

“स्पर्धा नाही हो. आभार मानायचेत.”

“मग मॅटर काय टाकू?”

“आभाराचंच. नेहमीचं.”

“सात नंबर?”

“हां, सात. सातच.”

दुकानाच्या भिंतीवर एका फ्रेममध्ये मजकुराचे दहा नमुने लावलेले होते. एक नंबर म्हणजे स्पर्धेतलं यश, तीन नंबर म्हणजे नवी नेमणूक, पाच म्हणजे उद्घाटन, नऊ म्हणजे स्मृतिप्रीत्यर्थ. गिऱ्हाइकानं बोट ठेवायचं आणि मास्तरांनी कोरायचं. मालकांना सगळे नंबर पाठ होते. मजकूर मात्र त्यांनी कित्येक वर्षांत वाचला नव्हता. मिठाईवाला स्वतःची मिठाई खातो का? तसंच हे.

“सात ना नक्की?” मास्तरांनी पुन्हा विचारलं.

“अहो, किती वेळा सांगू?”

मास्तरांनी खांदे उडवले. मोठ्या घरच्या भानगडी, आपण कशाला तोंड घाला! त्यांनी दोन्ही शील्डं सुबक करून दिली आणि डबा खायला मागे गेले. तेवढ्यात मालकांनी मशीनचा ताबा घेतला. मॅटर लागलेलंच होतं. फक्त नाव बदललं आणि मास्तरांसाठी तिसरं शील्ड स्वतःच्या हातानं कोरलं. अक्षरं जराशी उताराला लागली, पण भावना सरळ होती.

दुकान बंद करायच्या वेळी त्यांनी ते मास्तरांच्या हातात दिलं आणि एकट्यानंच टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग शील्ड कपाळाला लावलं, मशीन नीट पुसलं, त्यावर कापड घातलं, अंगातला एप्रन काढून घडी घातली आणि खिशातून दुकानाची किल्ली काढून मालकांपुढे धरली.

“आज कुलूप मी लावू म्हणता?” मालकांनी विचारलं.

“आजपासून तुम्हीच लावायचं,” मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज जड झाला होता. मालकांचाही झाला. आभाराची ताकद काय असते ती बघा, असं त्यांच्या मनात आलं आणि पुढचं ते काही ऐकेनासे झाले.

घरी जेवणं झाल्यावर त्यांनी बायकोला आणि आईला समोर बसवलं. दोघींच्या हातात शील्डं दिली. त्यांची बायको, जिला सगळं गाव वहिनी म्हणायचं, ती दुकानाची प्रूफं बघायची. तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही पट्टी बाहेर जात नसे. त्यामुळे शील्ड हातात येताच तिनं सवयीनं अंगठ्याचं नख पहिल्या शब्दाखाली ठेवलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

“आपण प्रदीर्घ काळ निष्ठेने व विनातक्रार केलेल्या सेवेबद्दल कृतज्ञतापूर्वक.” ती थांबली. नख पुढच्या ओळीवर आलं. “आपले पुढील आयुष्य सुखाचे, आरोग्याचे व जबाबदारीमुक्त जावो.”

तिनं शील्डावरून नख उचललं.

“हे तुम्ही निवडलंत?” तिनं विचारलं.

“मीच.”

“विचार करून?”

“विचार करून म्हणजे काय! शब्दन् शब्द मनापासून आहे. एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही.”

वहिनी उठल्या. मग शील्ड पदरानं पुसून कपाटावर ठेवलं. “बरं,” त्या म्हणाल्या. “मग झालं तर.”

आईला वाचायला चष्मा लागायचा. तो सापडेपर्यंत मजकूर कानावर पडलाच होता. “जबाबदारीमुक्त?” ती कडाडली. “कोण रे जबाबदारीमुक्त? मी काय सरकारी नोकर आहे निवृत्त व्हायला? या किल्ल्या बघितल्यास? चितेवर ठेवाल तेव्हा काढून घ्या!” आणि ती ताडकन उठली. तिनं आपलं शील्ड पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवलं. ते अगदी मापात बसलं.

मालकांना वाटलं, आनंद असा एकदम झेपत नाही माणसाला. ते समाधानानं झोपले.

सकाळी उठले तर चहा नव्हता. वहिनी खिडकीपाशी खुर्चीत बसून बाहेर बघत होत्या.

“अगं, चहा?”

“असेल ना. डब्यात पावडर आहे, दूध फ्रिजमध्ये आहे.”

“म्हणजे? बरं नाही का वाटत?”

“छान वाटतंय. जबाबदारीमुक्त वाटतंय.” त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. “तुम्हीच तर दिलंत. शब्दन् शब्द मनापासून.”

मालकांनी जाऊन शील्ड हातात घेतलं आणि कित्येक वर्षांनी सात नंबरचं मॅटर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. त्यांनी बायकोला चक्क निवृत्त केलं होतं. आईला निवृत्त केलं होतं. आणि मास्तरांची किल्ली खिशात होती.

आता करायचं काय? चूक झाली म्हणावं, तर मनापासून नव्हतं असं होतं. मनापासून होतं म्हणावं, तर बायको निवृत्त. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मालक स्वयंपाकघरात गेले. तिथे आई आधीच पदर खोचून उभी होती आणि ज्या चहासाठी तिनं इतकी वर्षं सुनेला नावं ठेवली, तो चहा स्वतः करून दाखवत होती. मालकांनी तो निमूटपणे प्यायला. तो चहा कसा होता, याबद्दल त्यांनी पुढेही कधी काही सांगितलं नाही.

दुकानात जाऊन त्यांनी पहिला फोन मास्तरांना लावला.

“मास्तर, येताय ना?”

“कुठे?”

“कुठे म्हणजे? दुकानात!”

“मालक,” मास्तर शांतपणे म्हणाले, “शील्ड घेऊन गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर आलेला तुम्ही कधी बघितलाय?”

“अहो, ते तसलं शील्ड नव्हतं!”

“सात नंबर होतं. आयुष्यभर मीच कोरलं, मला ओळखू येणार नाही होय? पण तक्रार नाही हं माझी. आधी वहिनींना काढलंत, मग आईंना, मग मला. घरच्यांपासून सुरुवात केलीत, यातच आलं सगळं. फार मानानं निरोप दिलात.”

“मी निरोप दिलाच नाही! तुम्ही आत्ताच्या आत्ता या.”

“कुठल्या तोंडानं येऊ? सुनेनं भिंतीवर लावलंय. शेजारीपाजारी येऊन हात मिळवून गेले. जावयानं फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना धाडला. आता मी उद्या कामावर निघालो, तर लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं शील्ड पण घेतलं आणि नोकरी पण सोडली नाही.”

मालकांनी फोन ठेवला आणि मागे वळून बघतात तर काउंटरवर आई बसलेली. किल्ल्यांचा जुडगा तिनं गल्ल्यावर ठेवला होता.

“तू घरी जा, आई.”

“का? मी निवृत्त झालेय म्हणून? मग तर अजिबात जात नाही.”

तेवढ्यात एका शाळेचे क्रीडाशिक्षक आत आले. त्यांना धावण्याच्या स्पर्धेचे कप हवे होते.

“पहिला, दुसरा, तिसरा,” ते म्हणाले.

“किती जण धावले?” आईनं विचारलं.

“अंतिम फेरीत सहा.”

“सहांतला तिसरा म्हणजे मागून चौथा. त्याला कसला कप? त्याला म्हणावं, पुढच्या वेळी जरा लवकर निघ.”

शिक्षक घाबरून म्हणाले, “आजी, उत्तेजनार्थही दोन हवे होते.”

“म्हणजे सहांतल्या पाचांना बक्षीस? मग त्या सहाव्यानं काय घोडं मारलंय तुमचं? पोर घरी जाऊन आईला काय सांगेल?”

शिक्षक विचारात पडले. विचार करून त्यांनी सहाव्यासाठीही एक कप घेतला आणि जाताना आजींना वाकून नमस्कार केला. अशा रीतीनं निवृत्तीच्या पहिल्याच दिवशी आईनं दुकानाची विक्री वाढवली. मालक मात्र कप पुसत राहिले, कारण तेवढंच त्यांना येत होतं.

बाकी सगळं बिघडत चाललं. कोरायला मालक, प्रूफ बघायला पुन्हा मालकच. एका पतपेढीच्या अध्यक्षांच्या सत्काराच्या शील्डावर ‘गोळाफेक, द्वितीय’ असं गेलं. एका डॉक्टरांच्या नव्या दवाखान्याला त्यांनी घाईत नऊ नंबर लावला, आणि उद्घाटनाच्या दिवशी त्या भल्या माणसाला स्वतःच्या दारात स्वतःचीच स्मृती वाचावी लागली. गिऱ्हाइकं परत येऊन विचारायची, “वहिनी कुठे आहेत?” मालक म्हणायचे, “येतील.” आणि रविवारची ऑर्डर तर तशीच पडून होती. सरांच्या शिबिरार्थ्यांच्या नावांची यादी मालक रोज उघडायचे आणि पुन्हा उलटी करून ठेवायचे.

तिकडे वहिनींचं उत्तम चाललं होतं. पहिल्या दिवशी त्या नुसत्या खिडकीत बसल्या. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीकडे गेल्या आणि दिवेलागणीला परत आल्या. तिसऱ्या दिवशी तलावावर जाऊन त्यांनी बायकांच्या पोहण्याच्या वर्गात नाव घातलं.

“या वयात?” मालकांच्या तोंडून गेलं.

“दुसरं कुठलं वय आहे माझ्याकडे?” वहिनी म्हणाल्या आणि टॉवेल पिशवीत घालून निघून गेल्या.

परत आल्या तेव्हा केस ओले होते, नाक लाल झालं होतं आणि त्या हसत होत्या. कशाला हसतेस म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, “बुडाले नाही म्हणून.” मालकांनी बायकोला असं उगाचच हसताना फार वर्षांत बघितलं नव्हतं. त्यांना बरं वाटलं आणि लगेच धास्तीही वाटली. ही परत दुकानात कशाला येईल? बसून बसून डोळे फोडायला? आणि ही आलीच नाही तर आपण त्या दुकानात काय करायचं? गिऱ्हाइकं जातील, ऑर्डर जाईल, याचं त्यांना एवढं काही वाटेना. काउंटरच्या पलीकडून “अहो, इकडे बघा जरा, ही वेलांटी काय म्हणतेय” अशी हाक आली नाही, तर दिवस कसा जायचा, हे त्यांना कळेना.

शनिवारी दुपारी त्यांनी दुकान आईवर टाकलं आणि घरी आले. वहिनी नुकत्याच पोहून आल्या होत्या. खिडकीपाशी केस वाळवत बसल्या होत्या. मालक समोर उभे राहिले. बसायला खुर्ची होती, पण बसून बोलायचा धीर होईना.

“मला एक सांगायचंय.”

“सांगा.”

“ते शील्ड. मी वाचलंच नव्हतं.” मालकांनी एका दमात सांगून टाकलं. “सात नंबर टाका म्हणालो. नेहमीचं आभाराचं असतं म्हणून. शब्दन् शब्द मनापासून वगैरे म्हणालो, पण मला एकही शब्द माहीत नव्हता. मला तुला काढायचं नव्हतं. मला तुझे आभार मानायचे होते.”

वहिनींनी केसांतून कंगवा फिरवला. “माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“तुम्ही वाचलं नव्हतं ते. पहिल्या ओळीलाच कळलं.”

“कसं काय?”

“अहो, सात नंबर मी लिहिलाय.”

मालकांनी खुर्ची ओढली आणि बसले.

“नवीन लग्न झालं होतं आपलं,” वहिनी म्हणाल्या. “दुकानही नवीन. एका शाळेच्या मुख्याध्यापिका निवृत्त होत होत्या, त्यांच्यासाठी लोक शील्ड करायला आले. मजकूर काय टाकायचा, कुणालाच सुचेना. तुम्ही मला म्हणालात, तू काहीतरी चांगलंसं लिही, तोवर मी कप पुसतो. मग मी लिहिलं. नुसता सातच नाही, त्या फ्रेममधले दहाच्या दहा मीच लिहिलेत. तुम्ही विसरलात.”

मालक खरंच विसरले होते. ते मजकूर जणू दुकानाच्या भिंतीबरोबरच आले, असं त्यांना वाटत आलं होतं.

“लिहिताना मनात आलं होतं,” वहिनी पुढे म्हणाल्या, “की असं कुणी आपल्याला कधी देईल का. तर तुम्ही दिलंत. माझेच आभार, माझ्याच शब्दांत, तेही न वाचता! इतका राग आला होता की सांगू नका. म्हटलं, ठीक आहे. ज्या बाईनं ‘जबाबदारीमुक्त’ लिहिलं, तिनंच ते एकदा वापरून बघावं.”

“मग? कसं वाटलं?”

“झकास! पाण्यात पाय सुटतात तेव्हा काय वाटतं, ते तुम्हाला नाही कळायचं.”

मग वहिनीच म्हणाल्या, “आभार मानायचे होते ना? मग माना की. फ्रेम नाही इथं, मास्तर नाहीत. तोंडानं माना.”

मालकांनी घसा साफ केला. “आपण प्रदीर्घ...” ते सुरू झाले आणि बायकोचा चेहरा बघून थांबले. आयुष्यभर लोकांच्या आभारावर पोट भरलं, पण सगळे आभार जाणाऱ्यांचे. जो उद्या सकाळी पुन्हा शेजारी बसणार आहे, त्याला काय म्हणायचं असतं, याचा नमुना दुकानात नव्हता.

“तू नसलीस,” ते शेवटी म्हणाले, “की दुकानाचं शटर वर करावंसं वाटत नाही. नुसती ऑर्डर म्हणून नाही. मला करमतच नाही. तू आजवर किती केलंस, ते मी कधी बघितलंच नाही गं. मी आपला कप पुसत बसलो.”

वहिनींच्या हातातला कंगवा तसाच राहिला. डोळे पुसून त्या म्हणाल्या, “पुरे. आणि हे कुठं कोरू नका हं.”

“नाही कोरत.”

“चहा करा.”

मालक उठले आणि त्यांनी चहा केला. तो आईच्या चहाहून बरा झाला, पण हे घरात कुणीही मोठ्यानं म्हटलं नाही.

चहा पिता पिता वहिनींनी तह लिहून घ्यावा तसा सगळा निकाल लावला. सकाळी पोहणं राहील, दुकानात त्या त्यानंतर येतील. सकाळचा चहा मालकांकडे. आई काउंटरवरच बसतील, कारण त्यांना उठवायला गेलं तर आणखी एक शील्ड लागेल.

“आणि मास्तर?” मालकांनी विचारलं. “ते कुठल्या तोंडानं येऊ म्हणतात.”

“त्यांचं खरंच आहे. शील्डनं गेलेला माणूस शील्डनंच परत येणार. तीन नंबर टाका.”

“तीन म्हणजे...” मालक चाचरले. मग त्यांनी शहाणपणा केला. “काय लिहिलंय गं त्यात?”

वहिनींनी पाठ म्हणून दाखवलं, “आपली या महत्त्वाच्या पदावर नियुक्ती झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.”

त्याच संध्याकाळी मालक नवं शील्ड घेऊन मास्तरांच्या घरी गेले. सुनेनं ते पहिल्याच्या शेजारी खिळा मारून लावलं. जावयानं पुन्हा फोटो धाडला. शेजाऱ्यांनी पुन्हा हात मिळवले, आणि निवृत्तीनंतर माणसाला इतक्या लवकर महत्त्वाचं पद मिळतं याबद्दल गल्लीत मास्तरांचा भाव एकदम वधारला. मास्तर चप्पल घालूनच बसले होते. “चला,” ते म्हणाले. “ऑर्डर उद्याची आहे ना? त्या मशीनला तुम्ही काय काय केलंयत, ते आधी बघू दे.”

रविवारची शील्डं वेळेवर गेली. एकही नाव चुकलं नाही. समारंभात सरांनी मालकांना उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या आणि आभार मानल्यावर आयुष्यात काय बदल झाला ते चार शब्दांत सांगा म्हणाले. मालक म्हणाले, “चहा करायला शिकलो.” सरांना ते फार खोल वाटलं आणि त्यांनी ते वहीत टिपून घेतलं.

सोमवारी दुकान उघडलं आणि थोड्याच वेळात फोन वाजला. वहिनी प्रूफ बघत होत्या, आई एका गिऱ्हाइकाला दुसरा नंबर का आला ते विचारत होती. फोन मालकांनी घेतला. पलीकडे सर होते. आवाज घाईत होता, व्यासपीठावरचा मऊपणा कुठल्या कुठे गेला होता.

“अहो, एक शील्ड हवंय. तातडीनं. मिसेससाठी. ती म्हणते, जगाला आभार मानायला शिकवता, माझे कधी मानलेत? तेव्हा जरा भारीतलं करा. आजच गाडीनं पाठवून द्या.”

“करतो की. मजकूर काय टाकू?”

“टाका हो काहीतरी आभाराचं. तुमचं नेहमीचं असेल ना?”

“एकदा वाचून दाखवू का?”

“छे छे, वेळ कुठाय? मी पुढच्या शिबिराला निघालोय.” आणि फोन बंद झाला.

मालकांनी फोन हळूच खाली ठेवला आणि वहिनींना सगळं सांगितलं. मास्तरांनी लाकूड निवडलं, जाड पट्टी बसवली आणि मशीन सुरू करून मान वर केली.

“कोणतं मॅटर टाकू?”

मालकांनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी मालकांकडे बघितलं. मग दोघंही एकदमच म्हणाले,

“सात.”